खो घालणे आणि खो देणे

कामात कुणी अडथळा आणला, की आपण म्हणतो, ‘त्याने खो घातला!’ वर्गात हा वाक्प्रचार शिकवू लागलो, की आमच्या धाराशिवची मुले कुरकुरतात. त्यांचेही बरोबरच आहे. २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे याच गावची. मैदानावर खो म्हणजे अडवणूक नव्हे. ‘मी धावलो, आता तू ऊठ’ एवढेच त्याचे सांगणे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पुण्यात ‘अल्टिमेट खो खो’ या व्यावसायिक स्पर्धेच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना झाला. मी तो घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. ओडिशाच्या संघाने तेलुगू योद्ध्यांना ४६-४५ असे, अवघ्या एका गुणाने हरवले! नवाऐवजी सात गडी, आणि हव्या त्या दिशेला वळायची मुभा असलेला ‘वजीर’ पाहून, जुन्या नियमांवर वाढलेल्या माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यात खेळात पैसा आलेला. हाताशी आलेली शिकार आता दुसऱ्याच्या स्वाधीन कोण करील? पण तो वजीरसुद्धा धापा टाकीत सोबत्याच्या पाठीशी येई, खो देई आणि त्याच्या जागी निमूट बसे. मानधन ज्याचे त्याला. गुण मात्र साऱ्यांचा!