गाविलगडचा पाडाव : १८०३ की २८२३?

१/ चिखलदऱ्यालगतचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेले. हे साल १९८०च्या दशकात कोणी बेसिकमध्ये नोंदवून ठेवले असेल, तर ती फाइल आज वाचणे मोडी वाचण्याहून सोपे नाही.

२/ १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कर्ट्झ यांनी बेसिक घडवली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये रँडम फाइलीत संख्या थेट ठेवता येत नसे. आधी तिची अक्षरमालिका, म्हणजे स्ट्रिंग, करावी लागे. एका बाइटात ० ते २५५ एवढेच मावते. १८०३ म्हणजे ७ × २५६ + ११. त्यामुळे फाइलीत दोन बाइट उमटत : आधी ११, मग ७.

३/ ती स्ट्रिंग पडद्यावर छापली, तर अक्षर एकही दिसत नाही. ११ हा बाइट कर्सरला वरच्या डाव्या कोपऱ्यात नेतो आणि ७ हा बीप वाजवतो. गाविलगड पडल्याची वर्दी संगणक अशी देतो!

४/ उलट रूपांतर ‘सीव्हीआय’ करते : पहिला बाइट, अधिक २५६ गुणिले दुसरा. इंटेल ८०८८ची हीच रीत. मोटोरोला ६८०० मात्र मोठा बाइट आधी ठेवी. त्या रीतीने हेच बाइट वाचले, की साल निघते २८२३. कोणती रीत पाळली, हे बाइटांवर कुठेही लिहिलेले नसते.

५/ शिलालेख वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये. भूतसंख्येत एकक आधी येतो. १८०३चा डिसेंबर म्हणजे शके १७२५. ते ‘बाण-नेत्र-मुनी-चंद्र’ असे लिहिता येईल : ५, २, ७, १. सरळ वाचणारा साडेतीन हजार वर्षे चुकेल.

६/ देवनागरीत घोटाळा आणखी वाढतो. १९९१च्या इस्की मानकात ‘च’ १८४ आणि ऱ्हस्व वेलांटी २१९. ‘चिखलदरा’ तेथे ७ बाइटांत बसतो. आजच्या यूटीएफ-८मध्ये त्यालाच २१ लागतात. इस्कीतील पहिल्या दोन बाइटांची बेरीज ५६,२४८ होते, पण बेसिकचा पूर्णांक ३२,७६७च्या पुढे जात नाही. म्हणून नावाच्या जागी चुकून सीव्हीआय चालवले, तर उत्तर येते उणे ९,२८८, आणि बेसिक कोणतीही चूक दाखवत नाही.