दातांतली फट

बाबांच्या ट्रंकेत, पोस्टाच्या पासबुकांखाली, सिनेमाच्या गाण्यांची एक चोपडी होती. मधल्या पिनेचा गंज पानांत उतरलेला. ‘हम एक हैं’, प्रभात, १९४६. शाळेत असताना मी ती चित्रं बघायला म्हणून उघडली आणि नुसतीच गाणी दिसली म्हणून परत ठेवून दिली.

कॉलेजात मॅटिनीला देव आनंदच्या ‘गाइड’ची पारायणं चालली होती. तेव्हा कळलं, की त्याचा पहिला सिनेमा म्हणजे चोपडीतला ‘हम एक हैं’. घरी पळत आलो. बाबा दाढी करत होते. “देव आनंद? होता का तो त्यात?”

त्यांना आठवत होत्या दुर्गा खोटे. वेगवेगळ्या धर्मांची तीन पोरकी मुलं सांभाळणारी, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धर्मात वाढवणारी जमीनदारीण. आठवत होती हुस्नलाल-भगतराम यांची गाणी. तीही चाल थोडी, शब्द त्याहून थोडे. “त्याच वर्षी कलकत्त्यात माणसं कापली गेली,” ते म्हणाले, “आणि इथे पुण्यात आम्ही ‘हम एक हैं’ बघत होतो.” साबण वाळेपर्यंत ते आरशासमोर तसेच उभे राहिले. नायकाचा चेहरा काही आठवेना.

मला मात्र नायकच हवा होता. ज्याच्यावर पुढे पोरी जीव टाकणार होत्या, त्याच्या पुढच्या दातांतली फट प्रभातवाल्यांना खुपली आणि त्यांनी ती बुजवायला लावली, हे वाचून मी खूश झालो. (पुढे त्यानं ते बुजवणं सोडून दिलं. बरं केलं.) कॉलेजनंतर प्रभात रोडवरून जाताना, फिल्म इन्स्टिट्यूट झालेल्या प्रभातच्या आवारात मी उगाच डोकवायचो. देव आनंद इथे कामाला लागला, तेव्हा गुरुदत्त नाचांचं बघत होता. एकच धोबी, त्यानं दोघांचे शर्ट अदलाबदल करून टाकले आणि ओळख झाली. तू निर्माता झालास तर दिग्दर्शक मी, मी दिग्दर्शक झालो तर नायक तू, असं ठरलं. १९५१च्या ‘बाजी’त देव आनंदनं आपला शब्द पाळला.

डिसेंबर २०११मध्ये देव आनंद गेल्याची बातमी टीव्हीवर होती. बाबा ऐंशीच्या घरात. मी शर्टाची गोष्ट त्यांना पुन्हा सांगितली. चोपडी मांडीवर होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

“मग धोब्याला पैसे कुणी दिले?”