गोल्फ क्लबाचें गवत

नांवांच्या बाबतींत मी थोडासा कर्मठ आहें. ज्याला जें नांव दिलें असेल, त्याच नांवानें त्याला हांक मारावी, असा माझा आग्रह असतो. आणि हा आग्रह मला कधीं तरी गोत्यांत आणील, हें माझ्या मुलीचें भाकीत गेल्या चैत्रांत खरें ठरलें.

मी पडेगांवचा, छावणीशेजारच्या वस्तीचा. चैत्र लागला कीं आमच्याकडे कडुनिंबाखेरीज हिरवें म्हणून फारसें कांहीं उरत नाहीं. म्हणून मुलीकडे नाशिकास गेलों, तेव्हां पहांटे फिरण्यासाठीं हिरवळ शोधणें ओघानेंच आलें. पहिल्याच दिवशीं रिक्षावाल्याला म्हणालों, "हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान."

"म्हणजे गोल्फ क्लब ना?"

मला राग आला. इंग्रज अंमलदार तेथें गोल्फ खेळत, म्हणून हें नांव. तो खेळ गेला, ते खेळाडू गेले. पुढें त्याच जागीं महाराष्ट्राचे रणजी सामनेहि झाले. नांव मात्र लोकांच्या जिभेवरून उतरत नाहीं! २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा आणि १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी गेलेला तो विशीहि न गांठलेला मुलगा शिक्षणासाठीं आमच्याच शहरांत राहिला होता. हें सारें मीं रिक्षावाल्याला ऐकवलें. त्यानें शांतपणें विचारलें, "काका, आपण कुठले?"

"औरंगाबादचा," मी बोलून गेलों.

"म्हणजे संभाजीनगरचे ना?"

माझ्या शहराचें नांव २०२३ सालीं बदललें, आणि तें माझ्याच जिभेला अजून वळलें नव्हतें! मी मुकाट्यानें उतरलों.

मैदानावर नुकतेंच फटफटलें होतें. माळी रबरी नळीनें गवताला पाणी देत होता. ऊन चढल्यावर दिलेलें पाणी अधिक विरतें, म्हणून त्याची ही घाई. दुसरा गडी खेळपट्टीच्या भेगांत माती दाबीत होता. भोंवतीं फेऱ्या घालणारे पेन्शनर एकमेकांच्या गुडघ्यांची विचारपूस करीत होते. हातांत बॅटी घेतलेलीं पांचसहा मुलें माळ्याच्या परवानगीकडे डोळे लावून बसलीं होतीं.

माझ्या पडेगांवी डोळ्यांना मात्र तें पाणी खुपलें. नाशकाहून वाहणारी गोदावरी पुढें जायकवाडीस अडते, आणि तेथलें पाणी आमच्या शहराच्या नळाला येतें. चैत्रांतल्या एकेका घागरीचा हिशेब आम्हांला पाठ असतो. न राहवून मीं विचारलें, "माळीबुवा, गवतासाठीं एवढें पाणी?"

"वरच्या पात्यासाठीं नाही, काका. पातं वाळलं तरी चालतं. मूळ जगलं पाहिजे. मूळ गेलं, की पहिल्या पावसांत नुसती माती वाहते."

मी मुलांजवळ जाऊन बसलों. खेळपट्टी सुकेपर्यंत त्यांना वेळ होता, मला तर होताच. त्यांना मीं कान्हेऱ्यांची गोष्ट सांगितली. तीं निमूटपणें ऐकत होतीं. शेवटीं एकानें विचारलें, "आजोबा, तुमच्या शहरांत ते कुठल्या घरांत राहायचे?"

मला उत्तर देतां येईना. चाळीस वर्षें त्या शहरांत काढलीं, पण कुठली गल्ली, कुठलें घर, हें मीं कधीं कोणाला विचारलें नव्हतें. त्या बाजूला फिरकलोंहि नव्हतों. नांवासाठीं भांडायला मात्र मी सर्वांच्या पुढें! पात्यावर पाणी शिंपडण्यांतच माझा सारा अभिमान खर्ची पडला होता.

तेवढ्यांत माळ्यानें हात हलवला आणि मुलें ओरडत धांवलीं. "आजोबा, पुढच्या वेळीं सांगा हं!" असें तो मुलगा धांवतां धांवतां म्हणाला.

पडेगांवीं परतल्यावर पहिलें काम कोणतें करावयाचें, हें मला त्यानें सांगून ठेवलें होतें.