कोपऱ्यात उभा तीस नंबर

माटुंग्याच्या कॉलेजात मी बास्केटबॉल खेळले ते सिमेंटच्या कोर्टवर. पडलं की गुडघा सोलून निघायचा आणि घरी आईची बोलणी वेगळी. सामने बघायला आम्ही नागपाड्याला, मस्तान वायएमसीएच्या मैदानावर जायचो. भारताचे कर्णधार राहिलेले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर त्याच मोहल्ल्यातले. तिथे माणसं कोर्टाच्या रेषेला चिकटून उभी राहत. खेळाडूचा दम लागलेला ऐकू येई, पास चुकल्यावर तो स्वतःलाच काय शिवी हासडतो तेही कळे. खेळाडू जवळून बघायची खोड मला तिथे लागली.

पुढे नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात आलो. या राज्यात बास्केटबॉल म्हणजे ड्यूक नाहीतर युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना. एक गडद निळा, एक फिकट निळा. तुम्ही कुठल्या निळ्याचे, हे शेजारी पहिल्याच भेटीत विचारून घेतात. मला दोन्हीकडची तिकिटं परवडणारी नव्हती, म्हणून मी शहराच्या उत्तरेला अर्ध्या तासावरच्या डेव्हिडसन कॉलेजला जाऊ लागले. कॉलेज १८३७ सालचं, विद्यार्थी तेव्हा जेमतेम सतराशे. आमच्या कॉलेजच्या नुसत्या कॉमर्सला याहून जास्त पोरं असतील. परीक्षेला पर्यवेक्षक नाही, मुलांच्या शब्दावर भरवसा. मुलांचे कपडेसुद्धा कॉलेजच्याच लाँड्रीत फुकट धुऊन मिळत. बेल्क अरीनात पाचेक हजार माणसं मावतात, आणि कॉफी हातात घेऊन कोर्टाच्या अगदी जवळ बसता येई.

तिथे तीस नंबरचा एक मुलगा खेळत होता. अंगावर बनियन वाळत घातल्यासारखा बारीक, चेहरा शाळकरी. त्याचे वडील डेल करी शार्लट हॉर्नेट्सकडून वर्षानुवर्षं खेळलेले, त्यामुळे गावाला आडनाव माहीत होतं. तरी मोठ्या विद्यापीठांनी पोराला विचारलं नव्हतं. आईवडील दोघंही व्हर्जिनिया टेकचे खेळाडू, पण त्यांनीही ‘संघात येऊन बघ, शिष्यवृत्ती मात्र नाही’ एवढंच म्हटलं. शाळेत असताना तो चेंडू पार कंबरेजवळून फेकायचा. एका उन्हाळ्यात वडिलांनी त्याची फेकच मोडून डोक्यावरून बसवली, आणि ती बसेपर्यंत त्याला लांबून बास्केट मारणं जमेना. हे शार्लटमधल्या कुणीही तुम्हाला सांगेल. डेव्हिडसनचे कोच बॉब मॅकिलॉप यांनी त्याला घेतलं. पहिल्याच कॉलेज सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू हातचा घालवला. दुसरा कोच असता तर पोरगा बेंचवर गेला असता. मॅकिलॉपनी खेळत ठेवला आणि पुढच्याच सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण काढले.

२००८ चा मार्च सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगते. डेव्हिडसनने १९६९ नंतर राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. त्या वर्षी गोंझागा, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन ओळीने गारद झाले. स्टेफन करीचे गुण ४०, ३० आणि ३३. कॉलेजच्या विश्वस्तांनी स्वतःच्या खिशातून मुलांना बस, हॉटेल आणि तिकिटं देऊन डेट्रॉइटला सामने बघायला धाडलं. कॅन्ससविरुद्ध शेवटच्या क्षणी संघ दोन गुणांनी मागे, चेंडू करीच्या हातात, अंगावर बचावपटू. फेकायला फट मिळेना तेव्हा त्याने तो जेसन रिचर्ड्सला दिला. रिचर्ड्सचा फटका हुकला. ५९–५७. मॅकिलॉप कडेला गुडघ्यांवर बसले.

त्या रात्री आमच्या घरी वाद पेटला. मुलगा तेव्हा आठवीत, रडवेला होऊन म्हणाला, ‘‘आई, त्याने स्वतःच मारायला हवा होता.’’ नवऱ्याचंही तेच मत. मी एकटी दुसऱ्या बाजूला. रिचर्ड्स त्या मोसमात बास्केट करून देणाऱ्या पासांमध्ये देशात पहिला होता. वर्षभर त्याने करीला चेंडू पुरवले, एकदा उलटं झालं तर बिघडलं काय? मला कुणी जुमानलं नाही.

माझी बाजू मला दिसली ती पुढच्या नोव्हेंबरात. लॉयोलाचा संघ बेल्क अरीनात आला होता. त्यांच्या कोचने ठरवूनच ठेवलेलं: करीजवळ कायम दोन माणसं. चेंडू कुठेही असो, हे दोघं त्याला चिकटलेले. थोड्या वेळाने करीने हिशेब केला. आपण कोपऱ्यात जाऊन उभं राहिलो तर दोघं आपल्यापाशी अडकतात, उरले त्यांचे तीन आणि आपले चार. मग तो खरंच कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा. मी त्याच बाजूला बसले होते. पलीकडे त्याचे सोबती मोकळे सुटून बास्केट मारत होते, आणि हा अंगाशी लगटलेल्या दोघांसह, हात कमरेवर ठेवून, मान उंचावून ते बघत होता. मध्येच एक पाय पुढे टाकायचा. दोघंही दचकून हलायचे. हा परत जागेवर. एवढाच त्याचा खेळ. प्रेक्षकांनी लॉयोलाच्या कोचला यथेच्छ शिव्या घातल्या, काहींनी ‘करीला चेंडू द्या’ म्हणून ओरडून घेतलं. सामना डेव्हिडसनने ७८–४८ असा जिंकला. करीचे गुण शून्य. त्या मोसमात सरासरी २८.६ गुण काढून तो देशात पहिला आला, त्यातला हा एक शून्य.

माझ्यापुरती त्या मुलाची ओळख त्या संध्याकाळी पुरी झाली. पुढचं मी पाहिलं ते सगळ्यांबरोबर, टीव्हीवर. २००९ मध्ये पदवी अर्धी टाकून तो गोल्डन स्टेटकडे गेला, २०२१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने रे ॲलनचा थ्री-पॉइंटरचा विक्रम मोडला, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटांत फ्रान्सला रडवलं. दादरहून भाच्याचा फोन, ‘‘मावशी, तू याला लहानपणी पाहिलंस?’’ पाहिलं रे, पण लहानपणी नव्हे. वीस वर्षांचा बाप्या होता.

डेव्हिडसनचा एक नियम मला फार आवडतो. पदवी घेतल्याशिवाय खेळाडूचा नंबर निवृत्त करत नाहीत, मग तो कितीही मोठा होवो. त्यामुळे जगभर त्याच्या नावाची जर्सी विकली जात असताना कॉलेजात मात्र तीस नंबरला तो मान नव्हता. अखेर मे २०२२ मध्ये त्याने समाजशास्त्रातली पदवी पुरी केली. ऑगस्टअखेरीस कॉलेजने त्याच्या एकट्यासाठी पदवीदान सोहळा केला आणि नंबर छताला गेला. माझा मुलगा म्हणाला, एवढ्या माणसासाठी नियम जरा वाकवला असता तर? म्हटलं, मग त्या छताकडे बघायला मी इतक्या लांब आले नसते.

आता मी तिथे मुलींचे सामने बघते. तिकीट स्वस्त, जागा हवी तिथे. यंदा पहिल्या वर्षाला एक उंचेली मुलगी आली आहे. डावा हात कच्चा, फाउल फार करते, कोच दर पाच मिनिटांनी तिला बाहेर बोलावतात. बेंचवर बसली की टॉवेल तोंडावर घेत नाही, पुढे वाकून बघत राहते आणि आपल्या जागी गेलेल्या मुलीला ओरडून सांगते, कोण मोकळी आहे ते. परवा मध्यंतरात मी तिला विचारलं, ‘‘मेजर काय घेणार?’’ ती म्हणाली, ‘‘अजून ठरवलं नाही, मॅम.’’ पुढच्या शनिवारी परत सामना आहे.