पाण्यातून वर आल्यावर

नदीत कुणी बुडालं की काठावर गर्दी जमते. प्रश्न एकच... "सापडला का?" वर आलेला पोहणारा नुसती मान हलवतो, दम खातो आणि पुन्हा बुडी मारतो. तो स्वतः कसा आहे, हे कुणी विचारत नाही.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ २३ मे २०२४ ला काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. प्रवरेत बुडालेल्या तरुणाच्या शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली होती. त्यांचीच बोट उलटली. दलाचे ३ जवान गेले. मदतीला बोटीत बसलेला एक स्थानिक माणूसही गेला.

बातम्यांत गेलेल्यांचे आकडे आले. माझ्या मनात मात्र मागे राहिलेले घोळत राहिले. परक्याचा देह शोधायला यायचं आणि आपल्याच सोबत्यांचा शोध घ्यावा लागायचा! आणि पुढचं बोलावणं आलं की परत बोटीत बसायचं.

आमच्या ओळखीत एक काका होते, पट्टीचे पोहणारे. विहिरीत कुणी पडलं की त्यांनाच निरोप जायचा. नंतर दोन-दोन दिवस ते चमच्याने जेवायचे, हाताचा वास जात नाही म्हणून. लोक म्हणायचे, "दगडाचं काळीज आहे गड्याचं." काकू म्हणायच्या, "रात्री दचकून उठतात हो."

खरं तर यात दुबळेपणा कसला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत मदत करणाऱ्यांचाही विचार केला आहे. कामाच्या तासांना मर्यादा ठेवा, खा, विश्रांती घ्या, सोबत्यांची विचारपूस करा. तीच दृश्यं महिनाभरानंतरही पाठ सोडत नसतील, तर तज्ज्ञाकडे जा. आपल्याकडे २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबरही आहे.

पण दगडाचं काळीज म्हणून एकदा नावाजलेला माणूस असा फोन कसा लावणार? कौतुकानेच आपण त्याचं तोंड बंद करतो. दलातल्या जवानाला निदान वरिष्ठ असतात, सरकारी दवाखाना असतो. गावच्या पोहणाऱ्याला कोण असतं? आपणच.

तेव्हा तुमच्या गावात असा कुणी असेल, तर पुढच्या वेळी गर्दी पांगल्यावर थोडं थांबा. चहा पाजा. आणि दोन-चार दिवसांनी घरी जाऊन सहज विचारा, "झोप लागते ना?"