पत्र्याच्या घराला पडवी

कर्जतकडे हल्ली घरं ट्रेलरवरून येतात. कडावच्या अरुंद रस्त्यावर मागे गाड्या खोळंबलेल्या असतात आणि पुढे एक अख्खं घर, दार-खिडक्यांसकट, आत पंखा लटकलेला, डुलत चाललेलं असतं. मग हायड्रा येतो, पट्टे अडकवून घर उचलतो, सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवतो आणि निघून जातो. वास्तुशांतीला भटजी जेवढा वेळ घेतील, त्याहून कमी वेळात घर उभं. कुणी त्याला कंटेनर म्हणतं, कुणी केबिन. कागदोपत्री घर म्हणायला कुणीच धजत नाही.

माझं केबिन जुनं आहे. कुठल्याशा पुलाच्या कामावर ते ऑफिस म्हणून होतं. सळयांचे आणि सिमेंटच्या गोण्यांचे हिशेब आतल्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले आहेत. सगळीकडे रंग दिला, तेवढा चौकोन सोडला. कुणाची तरी मजुरी त्यात मांडलेली आहे; ती मी कशाला पुसू?

जुनं केबिन घेताना माणसं भिंती बघतात, एसीची जागा बघतात. बघायला हवं ते पोट. जमिनीवर उताणं पडून, टॉर्च घेऊन खाली सरकायचं आणि तळाचे चॅनेल हातोडीनं वाजवायचे. टणक वाजला तर लोखंड शाबूत आहे. भद्द आवाज आला की पापुद्रे सुटले म्हणून समजा. वर व्हिनाइलची चादर गुळगुळीत दिसते, पण तिच्याखाली पाणी शिरलं की ते बाहेर पडायला वाट नसते. प्लायवूड फुगतं, मग कुजतं, आणि एक दिवस पाय ठेवला की जमीन दबते. माझ्याकडे मोरीलगतचा सगळा तुकडा असाच गेलेला होता. तो कापून काढला, तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, रेड ऑक्साइडचे हात दिले, वर सिमेंट बोर्ड बसवला. गंज खरवडण्याचं काम कंटाळवाणं असतं असं म्हणतात. मला ते आवडलं. खालून करडं, खरं लोखंड वर येऊ लागलं की हात थांबवत नाही.

छप्पर मात्र लबाड निघालं. गळतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. पत्र्याच्या नालीतून पाणी हात-दोन हात वाहत जातं आणि सोयीच्या जागी आत उतरतं. म्हणून उन्हाळ्यात मी शिडीवर नळी घेऊन उभा राहिलो आणि भाचा आत खडू घेऊन. पाणी खालच्या कडेपासून सुरू करायचं आणि हळूहळू वर न्यायचं. वरूनच ओतलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. “मामा, इथे! मामा, बंद करा!” असं करत आतल्या छतावर खडूच्या फुल्या पडत गेल्या. बहुतेक फुल्या स्क्रूंच्या होत्या. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हानं दगड होतो, चिरतो, आणि त्या चिरेतून पावसाला दार उघडं होतं. आतलं पॅनेल उघडलं तेव्हा थर्माकोलमध्ये मुंग्यांची मोठी वस्ती सापडली. केबिनमध्ये त्या माझ्या आधीपासून राहत होत्या.

वेल्डिंग करायचं तर आधी तेवढ्या भागातला थर्माकोल काढून ठेवावा लागतो, नाहीतर ठिणगी पडून तो आतल्या आत पेट घेतो. आणि सगळ्यांत आधी अर्थिंग. लोखंडी पेटीत माणसानं झोपायचं, वर वळवाच्या विजा. तिथे खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून पट्टी पुरल्याशिवाय बटण दाबू नये. यात लालित्य नाही, पण त्याशिवाय पुढचं काही लिहायला मी उरलो नसतो.

एवढं करून मी समाधानात होतो. मग पावसाळा आला.

कर्जतचा पाऊस पडतो असं म्हणणं तोकडं आहे. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला राजमाची-भीमाशंकरचे कडे. या दोहोंमध्ये ढग अडकले की पाऊस आडवा चालतो. केबिनच्या सरकत्या खिडक्यांना वर ना छज्जा ना पाखं. झड सरळ काचेवर, काचेखालच्या खाचेत, तिथून अंथरुणावर. शेजारचे काका येऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले, त्यांनी सगळं न्याहाळलं आणि म्हणाले, “पाणी वरनं येत नाय. बाजूनं येतं. बाजू झाक.”

त्यांच्या घरात बाजू झाकलेलीच होती. कारवीच्या काठ्यांचा कूड, शेणामातीनं सारवलेला. तो भिजला तर संपला, म्हणून पाखं खूप खाली उतरवलेलं, पुढे पडवी, पश्चिमेला पावसापुरता बांधलेला झाप. घर दगडी जोत्यावर. कौलांच्या फटींतून धूर जाई तसा उकाडाही जाई. पुढची दोन-तीन वर्षं मी जे जे केबिनला करत गेलो, ते ते काकांच्या घरात आधीच होतं. उन्हाळ्यात पत्रा तापून आत भट्टी होई. म्हणून पाइपांचा सांगाडा उभारून वर वितीहून जास्त मोकळी जागा ठेवून दुसरं छप्पर चढवलं. पहिलं छप्पर सावलीत आलं, मधून वारा खेळू लागला. ते छप्पर चारी बाजूंना पुढे काढलं, तेव्हा घराला वळचण मिळाली. ठोकळ्यांच्या मधे साप शिरू नयेत म्हणून भोवती दगड रचले, जोतं झालं. हौसेच्या बदलांचे माझे आराखडे वहीतच राहिले. खरा आराखडा पावसानं काढलेला होता आणि काकांच्या बापजाद्यांनी तो केव्हाच गिरवला होता.

यावरून कारखान्याचं घर परकं आणि कौलारू घर इथलं, असं म्हणायचा मोह होतो. पण काकांच्या घराचं एक कौल पालथं केलं तर त्याच्या पोटावर कारखान्याचा ठसा दिसतो. बासेल मिशनच्या लोकांनी 1860 च्या दशकात मंगळूरला नेत्रावतीकाठी यंत्रावर कौलं पाडायला सुरुवात केली. खाचेत खाच बसणारी, एकासारखं एक. चुना नको, गवंडी नको. फुटलं तर आतूनच उचलून दुसरं सरकवायचं. ही कौलं समुद्रामार्गे मुंबईला येत. तिथून इकडे आणायला वाट होतीच; 1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढून गेली होती. नालीदार पत्रा तर त्याहून जुना, लंडनच्या हेन्री पामरनं 1829 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे डोक्यावरचं छप्पर कारखान्यातून आणायची रीत आजची नाही.

माझं सगळं हौसेचं. इथून फार लांब नाही अशा चौकला मात्र केबिनांची अख्खी वस्ती उभी राहिली, ती हौसेनं नव्हे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते, 57 माणसं बेपत्ताच राहिली. जी वाचली, त्या ठाकर कुटुंबांना कंटेनरमध्ये ठेवलं. पुढे नानिवलीला सिडकोनं पक्की घरं बांधली, पण मधे वर्षाहून जास्त काळ गेला. अशा घरांना सरकार तात्पुरती म्हणतं. इकडे तात्पुरत्या घरालाही पावसाळा अख्खाच काढावा लागतो आणि एप्रिल-मेही सगळाच. आपत्तीत कंटेनर लवकर पोचतात, ते पोचायलाच हवेत. पण त्यांच्याबरोबर दुसऱ्या छपराचे पाइप आणि पुढच्या पडवीचे पत्रे त्याच ट्रेलरवर का येऊ नयेत, हे मला कळत नाही. खर्च मूळ पेटीच्या मानानं थोडा. आणि चूल, म्हातारी माणसं, कोंबड्या, गप्पा, हे सगळं मावतं ते पडवीतच.

गेल्या वर्षी काकांच्या मुलानं स्लॅब टाकला. जुनी कौलं उतरवून अंगणात रचली होती. निम्मी मी घेतली; काकांनी एकेक वाजवून दिली, चिरलेली बाजूला काढली, आणि भाव मात्र नव्याचा लावला. आता केबिनसमोर त्या कौलांची पडवी बांधतो आहे. वासे बसलेत, रीपा ठोकून झाल्यात, एक काचेचं कौलही मिळालंय. अडलंय ते कौलांचं पाखं पत्र्याच्या भिंतीला भिडतं तिथे. काका म्हणतात, सिमेंट भर. वेल्डर म्हणतो, पत्रा तापतो तेव्हा पसरतो, सिमेंट पहिल्या उन्हाळ्यातच सुटेल. भिंतीला वाकवलेली पट्टी लावा आणि ती कौलांवर नुसती टेकू द्या. मला वेल्डरचं पटतं. काकांना ते अजून सांगितलेलं नाही.