इंजिन बांधताना

पंचगंगेच्या काठच्या एका गावात एक घर होते. त्या घराला शेत नव्हते. होती ती एक जुनी मालमोटार. गळीत हंगाम सुरू झाला, की गुऱ्हाळांवरून गुळाचे रवे भरायचे, ते कोल्हापूरच्या बाजारात पोहोचवायचे आणि त्या भाड्यावर वर्ष काढायचे, असा घरचा क्रम होता.

1994 सालच्या उन्हाळ्यापासून मोटारीचे इंजिन थकले. पहाटे ते काही केल्या सुरू होईना. म्हणून आबा रात्री गाडी देवळाजवळच्या उतारावर उभी करीत आणि पहाटे गल्लीतील चार-पाच माणसे झोपमोड करून धक्का मारायला येत. गाडी सुरू झाली, की मागे निळ्या धुराचा लोट उठे. निळा धूर म्हणजे डिझेलबरोबर वंगणाचे तेलही जळत असल्याची खूण. इंजिन नव्याने बांधल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि कारखान्यात बांधून घेण्याइतके पैसे घरात नव्हते. आबांनी वीस वर्षे गाडी चालवली होती. पण इंजिनाच्या पोटात कधी हात घातला नव्हता. तरीही ते काम अंगणातच करायचे त्यांनी ठरवले. मदतीला सातवीत शिकणारा मुलगा होता.

गावात एक वृद्ध मेस्त्री राहत. 1954 साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात डायम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या साहाय्याने मालमोटारी तयार होऊ लागल्या. तेव्हाच्या गाड्याही मेस्त्रींच्या हातांखालून गेल्या होत्या. 1969 साली तो करार संपला आणि गाड्यांच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला, हे ते घरातले माणूस गेल्याची तिथी सांगावी तसे सांगत. आता त्यांना बारीक दिसत नसे. “मी ओट्यावर बसून सांगेन, हात तुमचे,” असे त्यांनी आरंभीच बजावले.

अंगणात तिकाटणे उभे राहिले. चेनपुलीने ते अवजड धूड गाडीतून उचलून फळ्यांवर उतरविले. खोलायला सुरुवात करण्यापूर्वी मेस्त्रींनी मुलाला वही आणायला लावली. कोणता भाग कोठून निघाला, त्याचे तोंड कोणत्या बाजूला होते, हे सारे तो लिहू लागला. बोल्ट आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत निरनिराळे ठेवले. खोलण्याचे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते. पण बांधण्याचे अर्धे काम तेथेच होत असते.

सहा पिस्टन बाहेर आले. त्यांवरच्या बांगड्यांसारख्या रिंगा झिजून सैल झाल्या होत्या. मुलाने विचारले, “मेस्त्रीकाका, एवढ्याशा रिंगांनी इतकी मोठी गाडी अडते?” मेस्त्रींनी सायकलचा पंप आणवला, त्याचे तोंड बोटाने दाबून धरायला सांगितले आणि दट्ट्या जोराने मारायला लावला. चार-सहा वेळा मारताच पंपाचे टोक गरम लागू लागले. डिझेलच्या इंजिनाचे वर्म हेच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवावे लागते. येथे ठिणगी नसते. पिस्टन वर येताना आतली हवा सुमारे सतराव्या हिश्शात दाबून बसवतो. त्या दाबाने ती पाचशे अंशांहून अधिक तापते आणि तीत डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल या अभियंत्याने असे इंजिन 1897 साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखविले होते. रिंगा झिजल्या की हवा निसटते. दाब घटला की उष्णताही घटते. मग पहाटेच्या गारव्यात गाडी पेटणार कशी?

सिलिंडर तासणे आणि क्रँक घासणे ही कामे अंगणात होण्यासारखी नव्हती. ती कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून करून आणली. बाकीचे सुटे भाग घासलेटात धुण्याचे काम मुलाकडे आले, आणि तेथेच घोटाळा झाला.

पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे सहा असतात. प्रत्येक दांड्याचे खालचे तोंड दोन अर्धुकांचे असते. खालच्या अर्धुकाला कॅप म्हणतात. दोन्ही अर्धुके एकत्र जुळवूनच त्यांचे भोक तासलेले असते. म्हणून एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही. ओळख पटावी म्हणून दोहोंवर एकच आकडा कोरतात. जेवणाची हाक आली, तेव्हा मुलाने दोन कॅप घाईने एकाच थाळीत टाकल्या. परत येऊन पाहतो, तो त्यांवरचे आकडे काजळीने बुजलेले. त्याने अंदाजाने एक इकडे, एक तिकडे ठेवली आणि वहीत काहीच लिहिले नाही.

दोन दिवसांनी दांडे बसविले. त्या संध्याकाळी मेस्त्री आले नव्हते. बोल्ट आवळून आबांनी क्रँक हाताने फिरवून पाहिला. तो जड फिरत होता. “नवे मेटल आहे; चालून चालून मोकळे होईल,” आबा म्हणाले. दसरा जवळ आला होता आणि गुऱ्हाळवाल्यांचे निरोप येत होते.

मुलाला झोप लागेना. मिनिटाला दीड हजार फेऱ्या, म्हणजे एका सेकंदात पंचवीस, हा हिशेब त्यानेच वहीत मांडला होता. एका सेकंदात पंचवीस वेळा ते मेटल घासणार होते! उजाडताच तो आबांपाशी गेला आणि थाळीची गोष्ट त्याने सांगितली. आबा बराच वेळ इंजिनाकडे पाहत राहिले. मग त्यांनी पाना उचलला. यंत्र माणसाची भीड धरत नाही, हे त्या घटकेला दोघांनाही सारखेच ठाऊक होते.

मेस्त्री आले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “कोणत्या दोन?” पॉलिश कागदाने घासताच आकडे उमटले : तीन आणि पाच. मेस्त्रींनी सांध्यावरून नख फिरविले. जेथे दोन अर्धुके एकजीव लागायला हवीत, तेथे नख अडत होते. एका मेटलवर ओरखडाही पडला होता. नव्या मेटलसाठी आईने दिवाळीकरिता बाजूला ठेवलेले पैसे दिले. ती काही बोलली नाही. मुलाला तेच अधिक लागले. कॅप ज्याच्या त्याला बसविल्या, तेव्हा क्रँक आबांच्या हातात अलगद फिरला.

पुढचे काम सुरळीत झाले. हेडचे बोल्ट मधल्यापासून आरंभ करून कडेकडे, आणि तेही थोडेथोडे, तीन खेपांत आवळले. “आम्ही भाकरी मधून कडेला थापतो, तसेच की!” आई म्हणाली, आणि मेस्त्रींना ती उपमा फार आवडली.

गाडीत चढविलेले इंजिन पहिल्यांदा सुरू झालेच नाही. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती. मुलाने हातपंप मारून ती काढली. फेस थांबून नितळ डिझेल येऊ लागले, तेव्हा नळी आवळली. आबांनी पुन्हा चावी फिरविली. इंजिन खोकले, पांढऱ्या धुराचा एक झोत आला, आणि मग सहाही सिलिंडर एका लयीत बोलू लागले. मेस्त्री ओट्यावर डोळे मिटून ऐकत होते.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गुळाची पहिली खेप निघाली. गाडी रात्री अंगणातच, सपाट जागेवर उभी होती. पहाटे चार वाजता आबा निघून गेले, आणि गल्लीतले कोणीही जागे झाले नाही.